भिंत आपली, जाहिरात दुसऱ्याची
(रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



गटाच्या बैठकांमध्ये सध्या एक प्रश्न सारखा विचारला जातो. "इंटरनेटवर आपण काही लिहिलं की त्याचे पैसे मिळतात म्हणे, हे खरं का?" खरं आहे. पण हे पैसे कोण देतं, कशाबद्दल देतं, किती देतं आणि ते कोणाच्या खात्यात जातात, एवढं समजल्याशिवाय त्यात पडू नये. म्हणून आज हाच विषय घेतला आहे. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आकडे येतील तिथे मी जरा सावकाश सांगेन.

रस्त्याला लागून असलेली घरं डोळ्यांसमोर आणा. एखाद्या घराच्या भिंतीवर सिमेंटची जाहिरात रंगवलेली असते, एखाद्या घरावर बियाण्याची. कंपनीचा माणूस येतो, भिंत बघतो, घरमालकाशी बोलून भिंत रंगवून जातो. तो कोणती भिंत निवडतो? एस.टी. जिथून जाते, जिथे माणसांची ये-जा आहे, ती. गल्लीतल्या आतल्या घराची भिंत कितीही गुळगुळीत असली तरी तिकडे तो फिरकत नाही. आणखी एक गोष्ट तो बघतो. कापसाच्या गावात कापसाच्या बियाण्याची जाहिरात लावतो, उसाच्या गावात ठिबकची. म्हणजे भिंतीसमोरून जाणाऱ्या माणसाला कशाची गरज असेल, याचा तो अंदाज घेतो.

इंटरनेटवरचा व्यवहार असाच चालतो. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही. आपण लिहायचं, फोटो लावायचे, आणि जगात कोणीही ती वही उघडून वाचू शकतं. अशी वही ही आपली भिंत. तिच्यावर दुसऱ्याची जाहिरात लागते आणि त्या जागेचे पैसे आपल्याला मिळतात. कंपनीचा माणूस मात्र आपल्याकडे येत नाही. मधलं काम गूगलसारखी कंपनी करते. गूगलच्या या व्यवस्थेचं नाव अ‍ॅडसेन्स. ती २००३ साली सुरू झाली. हिंदीत लिहिणाऱ्यांना ती २०१४ मध्ये खुली झाली आणि मराठीसाठी २०१८ मध्ये. म्हणजे आज मराठीत लिहिलेल्या पानावरही जाहिराती लागू शकतात, इंग्रजी यायलाच हवं असं नाही.

कोणत्या पानावर कोणती जाहिरात?

समजा तुम्ही ज्वारीच्या पापडांवर लिहिलं. पीठ किती, खार किती, किती वाफवायचं, किती ऊन द्यायचं. गूगलचं यंत्र ते पान वाचतं. पापड, ज्वारी, पीठ, वाळवण हे शब्द त्याला सापडतात, आणि मग त्या पानावर पिठाची, मिक्सरची, स्टीलच्या भांड्यांची जाहिरात येऊ शकते. शेळीपालनावर लिहिलं तर पशुखाद्याची येईल. पानावरचा मजकूर बघून लावलेली ती जाहिरात, म्हणून तिला मजकुराशी जुळणारी जाहिरात म्हणतात.

पण हेच पान तुम्ही उघडलं आणि तुमच्या जावेने तिच्या मोबाइलवर उघडलं, तर दोघींना वेगवेगळ्या जाहिराती दिसू शकतात. कारण यंत्र मजकुराबरोबर वाचणारीकडेही बघतं. ती कुठल्या भागात राहते, आधी तिने काय शोधलं होतं, यावरूनही जाहिरात ठरते. काल साडी बघितली असेल तर आज पापडाच्या पानावरही साडी दिसते ती त्यामुळेच.

आता भाव कसा ठरतो ते बघू. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघितला असेलच. एका ढिगाभोवती चार व्यापारी उभे राहतात, बोली लावतात, जास्त बोली ज्याची त्याला माल. आपल्या पानावरच्या रिकाम्या जागेचाही असाच लिलाव होतो. फरक एवढाच की तो यंत्र करतं आणि पान उघडताना डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. पान जितक्या वेळा उघडलं तितके लिलाव. आणि कांद्यासारखाच इथलाही भाव रोज वेगळा. दिवाळीच्या आधी कंपन्या जाहिरातींवर जास्त खर्च करतात, तेव्हा भाव चढतो. सणवार सरले की उतरतो. परदेशात बसून वाचणाऱ्यासाठी कंपन्या जास्त बोली लावतात, आपल्याकडच्या वाचकासाठी कमी.

शंभर रुपयांतले आपले किती?

जाहिरात देणाऱ्याने १०० रुपये दिले असं धरा. त्याच्यासाठी जागा विकत घेणारी गूगलचीच जी व्यवस्था आहे, ती सरासरी १५ रुपये ठेवते. उरले ८५. त्यातले ८० टक्के पानाच्या मालकाला मिळतात. ८५ चे ८० टक्के म्हणजे ६८ रुपये. अडत ३२ रुपये गेली असं समजा. पूर्वी बहुतेक पैसे जाहिरातीवर कोणी बोट टेकवलं तर मिळायचे. २०२४ पासून जाहिरात दिसली की त्याचा हिशेब होतो.

६८ टक्के ऐकून बरं वाटतं. पण हे ६८ टक्के कशाचे? एकदा पान उघडल्याचे मिळतात ते पैशांतले पैसे. म्हणून हिशेब हजारावर करतात. हजार वेळा पान उघडलं तर किती मिळाले? भाव बदलता असल्यामुळे नक्की आकडा कोणीच सांगू शकत नाही. आपण हिशेबापुरते हजाराला ४० रुपये धरू.

तुमच्या गटाच्या ब्लॉगवर रोज २०० वेळा पानं उघडली जातात. नव्या ब्लॉगला रोजचे २०० मिळवायलाच कित्येक महिने लागतात, तरी धरू. महिन्याचे झाले ६,०००. सहा चोक चोवीस, म्हणजे महिन्याला २४० रुपये. आता गूगलचा नियम असा की १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यावर येत नाहीत. डॉलरचा भाव खाली-वर होतो, पण सोपं जावं म्हणून १०० डॉलरचे साडेआठ हजार रुपये धरा. महिन्याला २४० प्रमाणे साडेआठ हजार व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागतील. रोजचे २,००० वाचक झाले तर महिन्याला २,४०० रुपये होतील आणि साधारण साडेतीन महिन्यांनी पहिले पैसे येतील. दहा जणींचा गट असेल तर एकीच्या वाट्याला महिन्याला २४० रुपये. त्यातून मोबाइलचं रिचार्ज वजा करा.

मैत्रिणींनो, मी तुमचा हिरमोड करत नाही. पण "घरबसल्या महिन्याला पन्नास हजार" असं कोणी सांगितलं तर हा हिशेब तुमच्याकडे असावा. शेळी घेताना आपण दात बघतो, वजन बघतो. इथेही बघायचं.

मग लिहायचं काय?

भिंत रस्त्यावर असावी लागते, तसं पान लोक जे शोधतात त्याबद्दलचं असावं लागतं. आपल्याकडे असं बरंच काही आहे, फक्त त्याला आपण ज्ञान म्हणत नाही. कुरडईचा चीक फाटला तर काय करायचं? सांडग्याला कोणती डाळ? गोधडीचा टाका कसा घालतात? कोंबडीची पिल्लं थंडीत कशी जगवायची? शहरात गेलेली मुलगी, परदेशात असलेली सून हेच मोबाइलवर विचारते, कारण जवळ विचारायला सासू-आई नसते. तिला खरं, अनुभवाचं उत्तर मिळालं तर ती पुन्हा येते.

आणि लिहायचं ते मोसमाच्या आधी. वाळवणं मार्च-एप्रिलमध्ये होतात, तर पान फेब्रुवारीतच तयार हवं. यंत्राला नवीन पान सापडून ते शोधणाऱ्यांना दाखवायला वेळ लागतो.

दुसऱ्याचं उचलून टाकायचं नाही. सरकारी योजनांची माहिती जशीच्या तशी चिकटवलेली पानं हजारो आहेत, आणि अशा उचललेल्या मजकुराला गूगल जाहिराती नाकारू शकतं. फोटोही आपणच काढलेले हवेत. कोणा बाईचा, मुलीचा फोटो असेल तर तिला विचारूनच लावायचा. आजारावर घरगुती उपाय लिहिताना तर फारच जपून. "या पाल्याने साखर बरी होते" असलं काही लिहू नये. वाचणारीने तिची गोळी बंद केली तर तो दोष आपल्याकडे येईल.

आणखी एक बदल सांगते. हल्ली गूगलवर काही विचारलं की पुष्कळदा उत्तर तिथेच वर लिहून येतं, पान उघडायची गरजच पडत नाही. त्यामुळे "मोदक म्हणजे काय" अशा साध्या प्रश्नावर लिहून फारसे वाचक मिळणार नाहीत. जे करून बघितल्याशिवाय कळत नाही, त्यावर लिहा.

ज्यांना लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं जातं त्यांना यूट्यूबचा रस्ता आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी तुम्हाला ठाऊक असतील. "आपली आजी" या चॅनलच्या. शाळेत न गेलेल्या या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने घरच्या रेसिपी दाखवायला सुरुवात केली आणि लाखो लोक बघू लागले. यूट्यूबवरच्या जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं अशी अट आहे. छोटे, उभे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी ९० दिवसांत १ कोटी वेळा बघितलं जाण्याची. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के व्हिडिओ करणाऱ्याला मिळतात. आजींचं यश मोठं आहे, पण त्यांच्यासारखं सगळ्यांचं होत नाही हेही लक्षात ठेवा.

खातं कोणाच्या नावावर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लॉग उघडायला गूगलचीच ब्लॉगर नावाची मोफत सोय आहे. अ‍ॅडसेन्सचा अर्जही मोफत आहे. अर्ज करणारी १८ वर्षांच्या पुढची हवी. गूगल ब्लॉग तपासतं आणि मगच जाहिराती सुरू करतं. कमाई १० डॉलर झाली की गूगल आपल्या पत्त्यावर टपालाने एक आकडा पाठवतं. तो पोस्टाने यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि चार महिन्यांच्या आत खात्यात भरावा लागतो, नाहीतर जाहिराती थांबतात. म्हणून पत्ता लिहिताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं नीट लिहा आणि पोस्टमनदादांना आधी सांगून ठेवा. पाकीट साधंच असतं, कोपऱ्यात पडून राहतं.

पैसे परदेशातून येतात. त्यामुळे बँकेला स्विफ्ट कोड लागतो. आपल्या शाखेला नसेल तर त्याच बँकेच्या मोठ्या शाखेचा चालतो का, हे आधी विचारा. पतसंस्थेतलं खातं यासाठी सहसा उपयोगी पडत नाही. परदेशातून पैसे आल्याबद्दल बँक काही रक्कम कापते का, तेही विचारा. आणि हे उत्पन्नच आहे, तेव्हा पॅन कार्ड आणि हिशेबाची वही हवी.

आता पुष्कळ घरांत काय होतं बघा. लिहिणार आई, फोटो तिचे, हात तिचे. पण "तुला जमणार नाही" म्हणून मुलगा किंवा पुतण्या स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या बँक खात्यावर सगळं उघडून देतो. त्याच्या मनात वाईट असतंच असं नाही. पण खातं ज्याच्या नावाचं, पैसे त्याचे, आणि उद्या तो नोकरीला बाहेरगावी गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. नंतर नाव बदलून घेणं सोपं नसतं. व्यक्तीचं खातं की संस्थेचं, हे एकदा ठरवलं की तेही बदलता येत नाही, खातं बंद करून नवं काढावं लागतं.

म्हणून सुरुवातीलाच ठरवा. एकीचा ब्लॉग असेल तर तिच्या नावाचा ईमेल, तिचा मोबाइल नंबर, तिचं बँक खातं. गटाचा असेल तर गटाच्या नावाचं बँक खातं, आणि बैठकीच्या वहीत ठराव. लिहिणार कोण, फोटो कोण काढणार, पैसे कसे वाटायचे, पासवर्ड कोणाकडे, हे सगळं लिहून अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. पुतण्याची मदत जरूर घ्या, त्याला त्याचा मोबदलाही द्या. पण किल्ली आपल्या कमरेला हवी. आजींच्या चॅनलचा ताबा एकदा चोरांनी घेतला होता, काही दिवसांनी तो परत मिळाला. तेव्हा पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा कोड मागणारी दुहेरी कुलपाची सोय चालू करा, आणि तो कोड कोणालाही सांगू नका.

आपली जाहिरात आपणच दाबायची नाही

ब्लॉगवर जाहिराती लागल्या की गटात पहिली सूचना कोणती येते माहीत आहे? "आपण वीस जणी आहोत, रोज सगळ्यांनी दाबत जाऊ." हे कधीही करू नका. आपल्या पानावरच्या जाहिराती आपण दाबणं, मैत्रिणींना दाबायला सांगणं, "आम्हाला मदत म्हणून जाहिरातीवर क्लिक करा" असं पानावर लिहिणं, हे सगळं नियमाविरुद्ध आहे. एकाच गावातून, त्याच त्या मोबाइलवरून दाबलेलं यंत्राला कळतं. खातं बंद होतं आणि साठलेले पैसेही जातात. आणि नियम बाजूला ठेवला तरी, ज्याने जाहिरातीचे पैसे मोजले त्याला गिऱ्हाईक मिळालंच नाही, म्हणजे मापात पाप झालंच की.

याच्याच पुढची गोष्ट फसवणुकीची. "क्लिक करा, पैसे कमवा" म्हणत आधी आपल्याकडून पैसे मागणारे लोक फिरत असतात. २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी नोएडातल्या अशा एका कंपनीच्या मालकाला अटक केली. लोकांकडून ५७ हजार रुपयांपर्यंत भरून घ्यायचे आणि मोबाइलवर एकेक क्लिक करण्याचे ५ रुपये द्यायचे असं आमिष होतं. नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते, असा पोलिसांचा आरोप होता. लाखो लोकांचे मिळून सुमारे ३,७०० कोटी रुपये त्यात गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. आपण आत्ताच हिशेब केला ना, हजार वेळा पान उघडलं तर ४० रुपये? मग एका क्लिकला ५ रुपये कोण देईल आणि कुठून देईल? एवढा प्रश्न विचारता आला तरी फसवणूक टळते. जाहिरातीचं काम देणारा आपल्याकडून पैसे भरून घेत नाही. घेत असेल तर उठून यायचं. आणि पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आपला माल असेल तर

शेवटचा मुद्दा आपल्या गटांसाठी फार महत्त्वाचा. आपल्यातल्या कितीतरी गटांचा स्वतःचा माल आहे. लोणचं, मसाला, पापड, गोधड्या. तुम्ही तुमच्या लोणच्यावर पान लिहिलंत, दर लिहिलात, फोन नंबर दिलात आणि त्याच पानावर जाहिराती चालू ठेवल्यात, तर काय होईल? यंत्र "लोणचं" हा शब्द वाचेल आणि मोठ्या कंपनीच्या लोणच्याची जाहिरात आणून लावेल. त्याचं काम ते चोख करेल. तुमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक तिकडे जाईल आणि तुमच्या हातात पडतील काही पैसे. रुपये नव्हे, पैसे. एक किलो लोणचं विकून गटाला जे सुटतं ते मिळवायला या जाहिराती किती हजार वेळा दिसाव्या लागतील, ते तुम्हीच आता मोजू शकाल.

म्हणून जिथे आपण माल विकतो त्या पानावर दुसऱ्याची जाहिरात नको. जिथे फक्त माहिती देतो तिथे असू द्या. तिथेही कोणत्या प्रकारच्या जाहिराती नकोत ते अ‍ॅडसेन्सच्या खात्यात निवडता येतं. झटपट श्रीमंतीच्या, वजन घटवण्याच्या जाहिराती बंद करून टाका. बचतीवर लिहिलेल्या पानावर "पाच मिनिटांत कर्ज" असं झळकायला लागलं आणि ते वाचून आपल्याच एखाद्या मैत्रिणीने अ‍ॅपवरून कर्ज उचललं, तर आपण लिहिलेलं सगळं पाण्यात गेलं.

मैत्रिणींनो, ब्लॉगमधून जाहिरातीचे पैसे मिळतात ते मीठ-मिरचीपुरते, आणि तेही खूप वाचक मिळवल्यावर. पण त्या निमित्ताने आपली वही तयार होते, आपल्या आयांनी शिकवलेलं लिहून ठेवलं जातं आणि आपला माल लांबच्या गिऱ्हाइकाला कळतो. भिंतीवर पहिली पाटी आपल्या गटाची लावा. जागा उरली तर दुसऱ्याला द्या, आणि त्याचं भाडं स्वतःच्या नावावर घ्या.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढ्या पाच गोष्टी वाचून दाखवा:

१. ब्लॉग आणि अ‍ॅडसेन्सचा अर्ज मोफत असतो. त्यासाठी कोणालाही पैसे भरायचे नाहीत.
२. ईमेल, मोबाइल नंबर आणि बँक खातं लिहिणारीच्या किंवा गटाच्या नावाचं असावं.
३. आपल्या पानावरची जाहिरात आपण दाबायची नाही, कोणाला दाबायला सांगायची नाही.
४. माल विकायच्या पानावर दुसऱ्याची जाहिरात ठेवायची नाही.
५. पैसे कमवून देण्यासाठी आधी पैसे मागितले तर ती फसवणूक समजायची. फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन.